गुंचाच्या नावावरचा चंद्र

संपादकसाहेबांचा निरोप आला, "आयुष्यभराच्या कामाचा अनुभव लिहून द्या." मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं उलटं वाचत बसले, हाच माझा अनुभव. उलटं म्हणजे खरोखर उलटं, कारण छापखान्यातला खिळा आरशातल्यासारखा असतो. परभणीला स्टेशन रोडवर आमची प्रेस होती आणि तिथं मी खिळे जुळवायला होते. बाई प्रेसमध्ये आहे म्हटल्यावर लोकांना वाटायचं इस्त्री करते. नवऱ्याच्या एका मित्रानं तर धुतलेल्या शर्टांचं गाठोडंच घरी आणून टाकलं होतं, वर "कडक करा वहिनी" असंही सांगून गेला.

आता खिळे कुणी पाहिलेलेही नसतात, म्हणून थोडं सांगते. समोर तिरकी लाकडी पेटी असायची, तिला केस म्हणायचे. तिच्यात शंभर खण आणि प्रत्येक खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. मराठीत काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, डोक्यावरचा चंद्र वेगळा. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची लोखंडी पट्टी, धरायची, उजव्या हातानं न बघता खिळा उचलून तिच्यात बसवायचा. ओळी झाल्या की सुतळीनं बांधायच्या, शाई फिरवायची, कागद दाबून प्रूफ काढायचं. ते गिऱ्हाइकाच्या घरच्या कर्त्या माणसानं वाचून सही केली की मगच मशीनवर चढवायचं. छपाई झाली की सगळं सोडवून प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या खणात टाकायचा. या शेवटच्या कामाचा मला मनस्वी कंटाळा होता. कुणाच्या लग्नातले काने-मात्रे वेचत बसायचं, आणि जेवायला मात्र आपल्याला बोलावलेलं नसायचं.

मशीन म्हणजे पायानं चालवायचं ट्रेडल. येलदरीला धरणावर वीज आमच्याच जिल्ह्यात तयार व्हायची, पण ती पुढं कुठं जायची ते आम्हाला कधी कळलं नाही. पायाचं मशीन असल्यामुळं आमचं अडत नसे. ट्रेडलवर रशीदमामू असायचे. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, आणि "उस वक्त की बात अलग थी" हे वाक्य रोज एकदा तरी म्हणणारे. मालकांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. अण्णा भारी भित्रे. गल्ल्याशेजारच्या डब्यात त्यांनी तीन ठसे ठेवले होते, गणपती, बुद्ध आणि सातशे शहाऐंशी. गिऱ्हाईक दारात दिसलं की त्याचं नाव ऐकायच्या आत त्यांचा हात बरोबर ठशावर जायचा.

नामांतराचं आंदोलन सुरू होतं ती सगळी वर्षं मी त्या केससमोर काढली. सकाळी नामांतर झालंच पाहिजे म्हणणारे यायचे, दुपारी होता कामा नये म्हणणारे. दोघांच्याही पत्रकात 'मराठवाडा', 'विद्यापीठ' आणि 'जाहीर निषेध' हे शब्द लागायचेच, म्हणून ते मी सोडवतच नसे. बांधून बाजूला ठेवलेले असत. सकाळी एकाचा निषेध, दुपारी तोच निषेध दुसऱ्याचा, शाईसुद्धा पुसायची गरज नसे. पहिल्या वर्षी गावागावांत माणसांची घरं जाळली, तेव्हा मात्र प्रेस बंद होती. त्या दिवसांत हसण्यासारखं काही नव्हतं आणि मी ते हसण्यावारी नेणारही नाही.

गिऱ्हाइकांचं म्हणाल तर झरीच्या एका पाटलांनी माझी चांगली जिरवली होती. मुलीच्या लग्नाचं कार्ड. भावकीतल्या प्रत्येकाचं नाव हवं आणि सगळ्यांची अक्षरं एकाच मापाची हवीत. जुळवता जुळवता माझ्याकडचे 'ट' संपले. एका घरात एवढे पाटील असतील असं खिळे ओतणाऱ्या कारखान्याला वाटलं नसावं. उरलेल्या पाटलांना मी धाकट्या मापात बसवलं, यजमानांनी चष्मा न लावता सही केली, आणि धाकट्या मापातले सगळे पाटील लग्नाला आलेच नाहीत. पुढं दोन पिढ्या त्यांचं येणं-जाणं बंद होतं म्हणे. तेव्हापासून अण्णांनी नियमच केला की सही करताना चष्मा डोळ्यांवर पाहिजे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

पेडगावचे वाघमारे गुरुजी आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, नामांतराच्या सत्याग्रहात जेल भोगून आलेले. आंदोलनाची पत्रकं तेच छापून घ्यायचे आणि प्रूफात वेलांटी चुकली की माझ्याकडं जेलरसारखं बघायचे. त्यांचा मुलगा मिलिंद कापसाचं शिक्षण घ्यायला ताश्कंदला गेला होता. गेला तेव्हा ते रशियात होतं. शिकून होईपर्यंत वसतिगृहाची खोली तीच राहिली आणि देश बदलला. गुरुजी म्हणायचे, "आमाला एका विद्यापीठाचं नाव बदलायला जलम जायलाय, आन् तिकडं देशच्या देश बदलून मोकळे झाले!"

एका हिवाळ्यात गुरुजी मिलिंदला घेऊन आले, सोबत एक गोरीपान मुलगी. मिलिंदनं तिकडंच तिच्याशी नोंदणी लग्न केलं होतं. आता पेडगावात बौद्ध पद्धतीनं मंगल परिणय करायचा आणि सगळ्या गणगोताला बोलवायचं ठरलं होतं. मुलीला मराठी येत नव्हतं, पण हिंदी यायचं. तिच्या देशात हिंदी सिनेमे फार बघतात, ती भाषा तिथूनच शिकलेली. त्यामुळं तिला साधं पाणी हवं होतं तरी ती माझ्यापुढं उभी राहून, छातीवर हात ठेवून म्हणाली, "बहनजी, एक प्यासी को पानी मिलेगा?" रशीदमामूंचा पाय ट्रेडलवरच थबकला.

गुरुजींनी सुंदर अक्षरात मजकूर लिहून आणला होता. मी तिथल्या तिथं जुळवून प्रूफ काढलं. मिलिंद तिला देवनागरी शिकवत होता, तेव्हा ती हौसेनं कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागली. 'आयुष्मान मिलिंद' सापडलं. पुढं 'आयुष्मती' सापडलं. त्याच्यापुढं तिचं बोट थांबलं. तिनं ते अक्षर अक्षर जोडून दोनदा वाचलं आणि मान वर केली.

"मिलिंद! ये यशोधरा कौन है?"

इतक्या जोरात विचारलं की समोरचा पानवाला दारात येऊन उभा राहिला. अण्णांनी गल्ला बंद केला. मिलिंद बुटांकडं बघू लागला.

गुरुजीच शेवटी बोलले. "बेटा, यशोधरा म्हंजी तूच. आमच्याकडं सून घरात आली की नाव बदलतेत. तुझ्या सासूनं निवडलंय. लय चांगलं नाव हाय. गुंचा म्हनलं की पाव्हने पयले इचारतेत, कोन जातीची? कोनाकोनाला सांगत बसू?"

गुंचा तिचं नाव. गुंचा म्हणजे कळी, हे रशीदमामूंनी न विचारता सांगितलं. तिनं पर्समधून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. तिच्या देशानं नुकतीच रशियन लिपी सोडून इंग्रजी वळणाची अक्षरं घेतली होती आणि जी पुरेनात ती डागडुजी करून नवी केली होती. त्यातल्या एकावर तिनं बोट ठेवलं. इंग्रजी जी, पण डोक्यावर वर तोंड करून ठेवलेली चंद्रकोर. Ğ असं. तिचं नाव याच अक्षरापासून सुरू व्हायचं. तिची आई तिकडं पहिलीच्या वर्गाची शिक्षिका होती आणि मुलांना ही नवी अक्षरं शिकवायची म्हणून आधी स्वतः गिरवत होती. लग्नाचं कार्ड तिला पोस्टानं जाणार होतं.

"माँ इस कार्ड में और कुछ नहीं पढ़ सकती," गुंचा म्हणाली. "सिर्फ़ मेरा नाम पढ़ सकती है. नाम नहीं, तो माँ समझेगी ये किसी और की शादी है." या वेळी मात्र आवाजात सिनेमा नव्हता.

गुरुजी विरघळले, पण अर्धेच. म्हणाले, "खाली एका ओळीत तिचं इंग्रजी नाव टाका. वर यशोधराच राहू द्या. मंडळींना इचारल्याबिगर मी वरचं बदलायचा न्हाई." जेलला न घाबरलेला माणूस बायकोला घाबरत होता, यात मला नवल वाटलं नाही.

आता ते अक्षर आणायचं कुठून? आमची इंग्रजी केस म्हणजे 'बी.ए. बी.एड.' आणि 'वेलकम' यापुरती. पण कात्रण बघता बघता माझ्या लक्षात आलं, हा तर आपला चंद्र! ऑफिसातला, डॉक्टरातला. मी जी चा खिळा घेतला, त्याच्या डोक्यावरची शिशाची कड कानशीनं घासली, मराठी केसमधून चंद्र उचलून वर बसवला आणि पातळ पट्ट्या लावून घट्ट केला. नावात पुढं सी ला एक शेपटी होती, तिथं स्वल्पविराम घासून टाकला. प्रूफ काढून ऐटीत गुरुजींपुढं ठेवलं.

गुरुजींच्या कपाळावर आठ्या पडल्या. "शकुंतलाबाई, ह्ये काय काढलंव? आमच्या कार्डावर ओंकार?"

झालं असं होतं की न बघता खिळा उचलायच्या सवयीनं माझ्या हातात साध्या चंद्राऐवजी शेजारच्या खणातला टिंबवाला चंद्र आला होता. जी च्या गोलाईवर चंद्र, त्याच्यात टिंब. धम्मदीक्षेच्या बाविसाव्या प्रतिज्ञेपर्यंत सगळं पाठ असलेल्या माणसाला तिथं ओम दिसला यात त्यांचा दोष नाही. तेवढ्यात रशीदमामूंनी मागून डोकावून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ओंकार कायका गुरुजी! चाँद-तारा है ना ये. अच्छा दिखरा."

अण्णांनी दोघांकडं बघितलं, कागदाकडं बघितलं आणि खुर्चीत बसले. "बाई, एका अक्षरात दोन दंगली काढल्यात तुम्ही," ते म्हणाले. "आधी ते टिंब उडवा."

टिंब उडवलं. मग मामूंनी सगळ्यांना नाव उच्चारायला शिकवलं. "ये अपना उर्दू का ग़ैन है. गला साफ करते वैसा, हलक से निकालो." गुरुजी, अण्णा, मिलिंद, दारातला पानवाला, सगळे घशातून ग काढू लागले. दारापर्यंत आलेल्या एका गिऱ्हाइकाला वाटलं घशाची साथ आली आहे, ते बाहेरूनच परत गेलं. गुंचा हसत होती, पण जाताना तिनं वरची ओळ पुन्हा वाचली आणि तिचं हसणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या मंडळी स्वतः आल्या. पारूबाई. ठेंगणा बांधा, कडक नजर, काठापदराचं लुगडं. मागून गुरुजी, मिलिंद आणि गुंचा, वर्गाबाहेर उभी केलेली मुलं असतात तशी रांगेत. पारूबाईंनी स्टूल ओढलं आणि मला फर्मावलं, "वाचा बाई, काय काय जुळीवलंय ते."

मी वाचलं. इंग्रजी ओळीपर्यंत आले तशी त्यांनी हात वर केला. "ती वळ काढा. घरात एक नाव, कार्डावर दोन, आसं आसतंय व्हय? यशोधराच ऱ्हाईल."

"आई, तिच्या मायला वाचता येनार न्हाई ना मग," मिलिंद म्हणाला.

"तू गप. लगीन करून आलास तवा इचारलं व्हतंस मला?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुमीच सांगा बाई. सून म्हनल्यावर नाव बदलतंयच की न्हाई? माझं बदललं तवा कोनी मला इचाराया आलं व्हतं का? मेले का मी?"

मी काय सांगणार? सासरी तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं शकुंतला हे नाव मी तोवर निमूट वापरत आले होते. त्याआधी मी द्वारका होते. माझ्या हातात स्टिक होती आणि द्वारका जुळवायला मला घटकाही लागली नसती, पण मी खाली मान घालून खिळे चाचपत राहिले. त्या वेळी काहीच बोलले नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

बोलली ती गुंचा. पुढं येऊन पारूबाईंच्या पायाशी, शाईच्या डबड्याशेजारी फरशीवर बसली आणि विचारलं, "माँजी, पहले आपका नाम क्या था?"

मिलिंदनं आईकडं बघितलं. त्याला माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावरच दिसलं. त्यानं बापाकडं बघितलं.

"हिचं नाव ना," गुरुजी म्हणाले. "हिचं ते आपलं... पारू तर न्हवतंच. काय बरं..." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एका नावासाठी दोन वेळा जेलात जाऊन आलेला माणूस बायकोचं नाव आठवत उभा होता. मामूंनी ट्रेडल थांबवलं.

"आंजिरा," पारूबाई म्हणाल्या. "मळ्यात अंजिराचं झाड व्हतं. त्याच्याखाली झाले म्हून बापानं ठिवलं." मग गुंचाकडं न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बोलू लागल्या. "मांडवात सासऱ्यानं सांगितलं, आजपासून पारू म्हना. समदे म्हनले. माझ्या मायचं तोंडच वळंना. पारू म्हनायला जायची आन् मदीच आडायची. मंग तिनं मला नावानं हाक मारनंच सोडलं. आगं म्हनायची, ए म्हनायची. मरस्तोवर ए म्हनत ऱ्हायली."

गुंचाला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं पारूबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. पारूबाईंनी तो काढला नाही.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "हिचं हाय ते नाव छापा. वरबी आन् खालीबी. तिच्या मायला वाचू द्या."

मी वरच्या ओळीतली यशोधरा सोडवली आणि गुंचा बसवली. सोडवायचा कंटाळा न येण्याची माझ्या नोकरीतली ती एकच वेळ. मग तळाला आले. तिथं निमंत्रक म्हणून गुरुजींचं नाव होतं आणि शेजारी 'आयुष्मती पारूबाई'. मी वाचून दाखवलं.

"तितं आंजिरा टाका," पारूबाई म्हणाल्या.

गुरुजी दचकले. "आगं, लोक इचारतील, ही आंजिरा कोन?"

"इचारतील तर सांगा, तुमच्या पोराची माय हाय."

अण्णांना खोकल्याची उबळ आली. गुरुजींनी चष्मा नीट केला, सगळं कार्ड पहिल्या अक्षरापासून वाचलं आणि सही केली. मामूंनी बुद्धाचा ठसा स्वतः पुसून बसवला. छपाई होईपर्यंत गुंचा तिथंच उभी राहिली आणि पहिलं कार्ड सुकायच्या आत तिनं उचललं, त्यामुळं त्या चंद्रावर तिच्या अंगठ्याचा डाग पडला. म्हणाली, माँ को यही भेजूँगी.

या लग्नाला आम्हालाही जेवायचं आमंत्रण होतं. अण्णा, मामू आणि मी एस.टी.नं पेडगावला गेलो. मांडवात त्या अक्षराची बरीच चर्चा चालली होती. कुणी म्हणे मुलगी डॉक्टर आहे, म्हणून नावावर तो डॉक्टरातला चंद्र. एका म्हाताऱ्यानं नाव घशातून काढून दाखवलं, त्याला लोकांनी पाणी दिलं. गुंचा पांढऱ्या साडीत सगळ्यांना जयभीम घालत होती आणि तिला नाव विचारणाऱ्या बाया आधी स्वतःच घसा खाकरून घेत होत्या.

तेवढ्यात जिंतूरकडून एक वाकलेला माणूस आला. डोक्याला मुंडासं, हातात आमचं कार्ड. त्यानं मांडवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोरांना विचारलं, "आमची आंजिरा कुठं हाय रं?"

पोरं एकमेकांकडं बघू लागली. "आंजिरा कोनी न्हाई बाबा इथं. कोनाकडं जायाचंय?"

म्हाताऱ्यानं कार्डावर बोट ठेवलं. "हितं लिवलंय की. माझी बहीन हाय ती." पोरांचा विश्वास बसेना, तसा त्यानं त्यांना बाजूला सारलं, मांडवात दोन पावलं पुढं आला आणि गळ्यात होता तेवढा आवाज काढून ओरडला, "आंजेऽऽ!"

स्वयंपाकाच्या चुलीपाशी आमच्याकडं पाठ करून उभी असलेली बाई वळली. हातातली पळी खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. पदर कुठं, चप्पल कुठं, भरल्या मांडवातून ती "आले, आले" म्हणत पोरीसारखी पळत सुटली.